कळांच्या वाती

आमच्या दवाखान्यात एक सिस्टर बदलून आली आणि पहिल्याच दिवशी बाळंतपणाच्या खोलीत, कोपऱ्यात स्टूल ओढून वाती वळायला बसली. समोर टेबलावर बाई कळा देत होती आणि ही मांडीवर पांढरं फडकं पसरून देवाच्या वाती वळत होती. मला वाटलं, हिचं डोकं फिरलेलं आहे. आमच्याकडं तशीच माणसं यायची. कुठंतरी भांडून आलेली, नाहीतर शिक्षा म्हणून पाठवलेली.

मी तिथं आया होते. सगळे मावशी म्हणायचे. सेलू तालुक्यातलं मोठं गाव, सरकारी दवाखाना, बायकांच्या दोन खोल्या. मी चौथी शिकलेली. झाडायचं, पुसायचं, रक्ताच्या चादरी धुवायच्या, हे माझं काम. आणि बाई अडली की तिला जोर करायला लावायचं. हे शेवटचं काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या आधीची आया करायची, म्हणून मी करायचे.

त्या दिवशी टेबलावरची पोरगी जोर करत नव्हती. नुसती "माय गं, माय गं" करायली होती. मी पुढं झाले आणि तिच्या मांडीवर एक ठेवून दिली. "गप! नवऱ्याजवळ जाताना वरडली व्हतीस का?" हे आम्ही सगळ्याच म्हणायचो. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटत नव्हतं.

सिस्टर उठली. मला वाटलं आता ओरडेल. तिनं त्या पोरीचा केसपेपर उचलला, खिशातला पेन काढला आणि दोन्ही माझ्यापुढं धरलं.

"लिहा मावशी."

"काय लिहू?"

"आत्ता जे दिलंत ते. मी सुई दिली की लिहिते, सलाईन लावलं की लिहिते. तुम्ही चापट दिलीत. किती वाजता दिली, कुठं दिली, किती दिल्या. खाली सही."

"चापट कुठं लिहीत असतेत का सिस्टर?"

"मग देता कशाला? पेशंटला दिलेली प्रत्येक गोष्ट लिहायची असते."

"मारल्याबिगर ह्या जोर करत न्हाईत."

"तेही लिहा. इथं, कारणाच्या रकान्यात."

मी पेन धरला. मला लिहिता येतं. अक्षर बरं आहे, माझ्या मास्तरांनी तसं सांगितलं होतं. पण "मांडीवर चापट" हे दोन शब्द लिहायला हात उठेना. टेबलावरची पोरगी कळ विसरून माझ्याकडं बघायली होती. शेवटी सिस्टरनं माझ्या हातातून पेन काढून घेतला आणि त्या जागी कापसाचा गोळा ठेवला.

"हात रिकामे राहिले की नको तिथं जातात," ती म्हणाली. "माझेही जातात. म्हणून मी वळते."

कापूस तिचा स्वतःचा असायचा. दवाखान्याच्या कापसाला तिनं वातीसाठी कधी हात लावला नाही. तो सरकारचा, असं म्हणायची. ओळखीच्या शेतकरणी बायका तिला सरकी काढलेला कापूस आणून द्यायच्या. तो पिशवीत घेऊन ती परभणीहून गाडीनं सेलूला यायची आणि सेलूहून जीपनं आमच्या गावाला. लग्न केलेलं नव्हतं. वडील शाळेत मास्तर होते एवढं तिनं एकदा सांगितलं होतं. बाईला हात लावायची वेळ आली की फडकं बाजूला ठेवायची, कोपरापर्यंत हात धुवायची. इतका वेळ धुवायची की मला वाटायचं, कातडं निघेल. तपासून झालं की परत हात धुवायचे, परत स्टूल, परत वाती. मी तिला एकदा विचारलं, "नुसतं बसून कसं जमतं तुमाला?" तर म्हणाली, "नुसतं बसणं हेच अवघड काम आहे. तुम्ही करून बघा."

बाई घरी जायला निघाली की तिच्या बाळंतपणात वळलेल्या वातींची जुडी दोऱ्यानं बांधून ती तिच्या हातात द्यायची. "ह्या तुमच्या कळांच्या." ज्या बाईला लवकर मोकळीक मिळाली तिची जुडी बोटाएवढी. जिला दिवसभर लागला तिची मनगटाएवढी. बायका त्या पाचवीला लावायच्या. मुसलमान बायका दर्ग्यात नेऊन लावायच्या. माझ्या शेजारणीची जुडी लय मोठी झाली होती. ती सासूला दाखवायची, "हे बघा, तुमच्या लेकापायी एवढं सोसलंय." सासू म्हणायची, "मला दाखवून काय व्हायलंय? त्याला दाखव."

तिची आणखी एक खोड म्हणजे ती सगळ्यांना अहो-जाहो करायची. मला, झाडूवाल्याला, डॉक्टरला, आणि टेबलावरच्या बाईला सुद्धा. ऊसतोडीवरून थेट आलेली एखादी पोरगी, अंगावर फाटकं लुगडं, आणि ही तिला विचारणार, "आपण पाणी घेता का?" पोरगी मागं वळून बघायची, कुणाशी बोलायलेत म्हणून. जन्मलेल्या लेकरालाही तेच. डोकं बाहेर आलं की म्हणायची, "या. या. दमलात." एकदा एक लेकरू बाहेर येऊन रडेना. "काय हो, आमच्याशी बोलायचं नाही का?" असं म्हणत तिनं त्याला पुसलं, उताणं घेतलं, फुगा लावून श्वास दिला. आवाज रोजचाच, विचारपूस केल्यासारखा. हात मात्र इतके भरभर चालत होते की मला नीट दिसलेच नाहीत. लेकरू रडलं. मग ती स्टुलावर बसली तेव्हा तिच्या वाती वाकड्या होत होत्या. तेव्हा कळलं, तीपण घाबरली होती.

आमच्या दवाखान्यात वरून कागद यायचे. आले की भोक पाडून फायलीत लावायचे. ते वाचायचेही असतात हे मला या बाईमुळं कळलं. ती आल्यावर पहिल्या महिन्यात रोज डबा खाताना एक फाईल घेऊन बसायची, भाकरीचा तुकडा एका हातात आणि दुसऱ्या हातानं पानं उलटायची. एका हिरव्या फायलीत तिला एक कागद सापडला. बाळंतपणाच्या वेळी बाईला पाहिजे ती एक बाई तिच्यासोबत आत राहू द्यावी, अशा मतलबाचा. किती वर्षांचा होता कुणास ठाऊक, कडेनं पिवळा पडला होता.

आमचा नियम उलटा होता. आत कुणीही नाही. बाहेर बाक होता, त्यावर सासवा बसायच्या. आत बाई, सिस्टर आणि मी. सिस्टरनं विचारलं, "हा नियम कुठं लिहिलाय?" मी म्हणाले, "पयल्यापासून हाय." डॉक्टर म्हणाले, "प्रॅक्टिस आहे." तिनं सगळ्या फायली धुंडाळल्या. तो नियम कुठंच लिहिलेला नव्हता. मग तिनं हिरव्या फायलीतला कागद डॉक्टरपुढं ठेवला आणि म्हणाली, "हा लिहिलेला आहे."

त्या दिवसापासून ती विचारायला लागली. बाई आली, तपासून झाली, की सासू, नवरा, सोबत आलेली गावची आशाताई, मी, सगळ्यांना बाहेर काढायची आणि दार लावून तिला एकटीला विचारायची. आत कोण पाहिजे? आडवं राहायचं, बसायचं, की चालायचं? आणि काय केलेलं चालणार नाही?

मला हे दाराआडून ऐकू यायचं, कारण मी कान लावायचे. बायका म्हणायच्या, "तुमी म्हणाल तसं." सिस्टर म्हणायची, "मी काही म्हणणार नाही." आणि गप्प बसायची. वाती वळण्याचा तर आवाज येत नाही. आत काय चाललंय काही कळायचं नाही. जन्मात त्या बायांना कुणी असं विचारलेलं नव्हतं. त्यांना वेळ लागायचा. पण एकदा बोलायला लागल्या की काय काय निघायचं! एक म्हणाली, माझ्या बांगड्या काढू नका. एक म्हणाली, मला भिंतीला धरून उभं राहायचंय. एकीनं सांगितलं, "मागच्या दोन टायमाला मला वरडू दिलं न्हाई. मला ह्या टायमाला वरडायचंय." सिस्टर म्हणाली, "ओरडा की." ती बाई अशी ओरडली की बसथांब्यावरची माणसं पळत आली, दवाखान्यात मारामारी झाली म्हणून. लेकरू झाल्यावर घसा बसलेली ती बाई मला म्हणाली, "मावशी, लय बरं वाटलं."

आणि एक होती, तिला आत कुणीच नको होतं. "तुमीबी जा," म्हणाली सिस्टरला. सिस्टर म्हणाली, "जाता येणार नाही. पण बघणार नाही." तिनं स्टूल फिरवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मधूनमधून विचारायची, "आता येऊ का ठोके बघायला?" बाई "या" म्हणाली की हात धुवून जायची, बघायची, परत भिंतीकडं तोंड. तीन तास. मी ते दाराच्या फटीतून बघितलं. तेव्हापासून ती येडी आहे असं म्हणायचं मी बंद केलं. काय आहे ते मात्र कळत नव्हतं.

डॉक्टर आमचे वाईट नव्हते, पण त्यांना संध्याकाळची गाडी धरून परभणीला जायचं असायचं. चार वाजले की ते खोलीत डोकावून म्हणायचे, "कळांचं इंजेक्शन टाका सलाईनमध्ये. आटपू द्या." पूर्वी टाकायचे. ही केसपेपर पुढं करायची. "कारण काय लिहू सर?"

"प्रोग्रेस स्लो आहे."

"प्रोग्रेस बरोबर आहे, मी लिहिलंय. तुमच्या गाडीची वेळ लिहू का?"

डॉक्टर लाल व्हायचे. एकदा म्हणाले, "सिस्टर, तुमची बदली करीन." ती म्हणाली, "करा. तिथंही कागद असतीलच." मला हसू आवरेना, मी बादली घेऊन बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी तिनं खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि बाहेर बाकासमोर लावलं. "आत त्याचं कुणाला काम नाही," म्हणाली. तिच्या मनगटावर तिचं होतं, ठोके मोजायला. मग सासवा दिवसभर त्या घड्याळाकडं बघत बसायच्या आणि आतली बाई सुटायची.

कुणाला वाटेल, ही बायकांचं ऐकायची म्हणजे लाडावून ठेवायची. तसं नव्हतं. एका दुपारी एक बाई खाली चटईवर उकिडवी बसून कळा देत होती, तिनं मागितलं होतं तसं. सिस्टरनं ठोके ऐकले. पुन्हा ऐकले. आणि बाजूला ठेवलेलं फडकं तिच्या धक्क्यानं वातीसकट जमिनीवर पडलं. तिनं ते उचललं नाही. त्या बाईसमोर खाली बसली आणि म्हणाली, "आता मी तुमचं ऐकणार नाही. लेकराचे ठोके उतरायलेत. इथं ऑपरेशन होत नाही. परभणीला जायचं, आत्ता." तिच्या तोंडून "उतरायलेत" असा आमचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाई फक्त "चला" म्हणाली. एरवी परभणीचं नाव काढलं की नातेवाईक तासभर भांडायचे. ह्या बाईनं नवऱ्याला बोलूच दिलं नाही. "त्यांनी आतापत्तर माझं ऐकलंय," म्हणाली, "आता मी त्यांचं ऐकती." सिस्टर गाडीत सोबत गेली. लेकरू वाचलं. मी जमिनीवरच्या वाती उचलून ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या फेका. त्या पुऱ्या झाल्या नाहीत."

आता माझ्या सुनेचं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

सून झरीकडची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. तिच्या आईनं तसं निरोप पाठवून सांगितलं होतं. मी म्हणाले, कशाला? दवाखाना माझा, खोली माझी, मी हाय की. मला त्याचा डौल होता. गावातल्या निम्म्या लेकरांना मी पुसलं होतं आणि माझं नातवंड झरीला होऊ द्यायचं? सून काही बोलली नाही. ती तशीही कमी बोलायची. तिची आई शेवटी पिशवी भरून आमच्याकडं येऊन राहिली.

सकाळी आठ-नऊच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. मी तिला घेऊन गेले, साडी खोचली, चादर बदलली. सिस्टर आली, तपासलं, आणि रोजच्यासारखी म्हणाली, "सगळ्यांनी बाहेर."

मी बादली उचलून एका बाजूला उभी राहिले. मला वाटलं मी सगळ्यांत नाही.

"मावशी, तुम्हीही."

मी बाहेर गेले. कान लावायची लाज वाटली, तरी लावला.  मग सुनेचा आवाज आला, बारीक. "आई पायजे. आत्या नगं."

ती मला आत्या म्हणते.

दार उघडलं. सिस्टरनं तिच्या आईला आत घेतलं. मी मागोमाग शिरायला लागले तर दारात आडवी उभी राहिली.

"सिस्टर, मी ड्यूटीवर हाय."

"नाही. आज तुमची रजा आहे. अर्ज मी लिहिलाय, इथं सही करा."

मी सही केली. दुसरं काय करणार? बाकावर दोन सासवा आधीच होत्या. त्यातल्या एकीला मी मागच्या वेळी दंडाला धरून बाहेर काढलेलं होतं. तिनं सरकून जागा केली. "या की मावशी. तुमी कामून बाहेर?" दुसरी म्हणाली, "अगं, आज त्याबी सासू हायेत." दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी घड्याळाकडं बघत बसले.

बारा वाजले. एक वाजला. माझा लेक येऊन गेला, परत आला. "आई, एवढा टाइम कामून लागायलाय? सेलूला प्रायव्हेटमधी नेऊ. सीझर करून टाकतेत." मला तेव्हा एकच दिसत होतं. मी आत असते तर पोटावर दाब दिला असता, दोन शब्द सुनावले असते, आणि मोकळं केलं असतं. किती जणींना केलं होतं. ते सगळं बरोबरच केलं होतं असं मी तेव्हा धरून चालले होते. लेकाला म्हणाले, "थांब, मी बघती." आणि दार ढकलून आत गेले.

सून चटईवर होती, आईच्या अंगाला टेकून. सिस्टर स्टुलावर. कळ यायली होती, दिसत होतं. सुनेनं मान वर केली आणि मला बघितलं. तिनं गुडघे घट्ट जवळ घेतले आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. पंजे पसरून, झाकल्यासारखे.

मी तिला कधी हात लावला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून एकदाही नाही. पण संध्याकाळी भाकरी थापताना मी घरात सांगायचे. आज एक अशी वरडायली होती, दिली एक मांडीवर, झाली मोकळी. सगळे हसायचे. लेक हसायचा, मी हसायचे. ती ताट वाढायची. ती हसायची का, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

कळ तिथंच अडली. तिच्या तोंडावर दिसलं. तिच्या आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी दारातच थांबले.

सिस्टर उठली. ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिनं पिशवीत हात घालून मूठभर कापूस काढला, माझ्या ओंजळीत ठेवला आणि मला बाहेर करून दार लावलं.

मी बाकावर बसून वळायला लागले. मला वळता येत नव्हतं, आमच्या घरी वाती विकत आणायचे. जाड व्हायच्या, करंगळीएवढ्या. शेजारची सासू म्हणाली, "मावशी, ह्यो वात हाय का कासरा?" मी म्हणाले, "तुझ्या तोंडाला बांधायला हाय." लेक परत म्हणाला, "आई, नेऊ का सेलूला?" आणि मी म्हणाले, "तिला इचारल्याबिगर न्हाई. आणि आता तिला इचारायचं न्हाई. बस गुमान." माझ्या तोंडून हे कसं आलं मलाच कळलं नाही. लेक बसला. त्याच्या हाताला काही नव्हतं म्हणून तो घड्याळाकडं बघत बसला.

तीन वाजून गेल्यावर आतून सिस्टरचा आवाज आला. "या. या बाई. दमलात." त्यावरून कळलं, नात आहे.

मला लगेच बोलावलं नाही. मी गेलेही नाही. संध्याकाळी सिस्टरनं जुडी बांधायला घेतली तेव्हा माझ्याकडं हात केला. मी माझ्या जाड वाती दिल्या. तिनं त्या आपल्या बारीक वातींच्या मधोमध घातल्या आणि दोरा बांधला. सुनेनं जुडी हातात घेऊन बघितली.

"ह्या जाड कुणाच्या?"

"बाहेर बसलेल्या बाईंच्या," सिस्टर म्हणाली.

सुनेनं जुडी उशाशी ठेवली. पाचवीला तिनं बारीक वाती लावल्या. जाड तशाच बाजूला काढून ठेवल्या. मी ते बघितलं. घरात चापटीच्या गोष्टी सांगायचं मात्र बंद केलं. आधी वाटायचं, आता संध्याकाळी काय बोलावं? मग सवय झाली.

सिस्टरला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही, तिनंही कधी काढलं नाही. पुढं आम्ही दोघी त्या खोलीत बसायचो, ती स्टुलावर आणि मी खाली, दोघी वळत. पुढं माझ्या वाती बऱ्या व्हायला लागल्या. ती रिटायर झाली तेव्हा मी आधीच झाले होते, तरी तिच्या निरोपाला गेले होते. भाषण करा म्हणाले तर तिनं चार्ज दिलेल्या वस्तूंची यादी वाचली. इतक्या कात्र्या, इतके चिमटे, एक स्टूल. आणि हिरवी फाईल, एक. जाताना मला म्हणाली, "येते मावशी. दमलात." तिला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. ती आता परभणीतच असेल. मी मोठमोठे डॉक्टर बघितले, मंत्र्याची भेट बघितली. मनातून दबले ती फक्त ह्या एका बाईला.

सुनेचं दुसरं यंदा झालं. ते तिनं माहेरी करायचं की इथं, हे तिनंच ठरवलं. इथं म्हणाली. मी कारण विचारलं नाही. नवी सिस्टर तरुण आहे, चांगली आहे. तिला एका हातानं मोबाइलवर माहिती भरायची असते आणि दुसऱ्या हातानं पेशंट बघायचा असतो. स्टूल कुठं दिसेना. घड्याळ परत आत लावलेलं. दाराशी आम्हाला थांबवून ती म्हणाली, "आत कुणालाच नाही आजी. नियम आहे."

"कुठं लिहिलाय?" मी म्हणाले.

"काय?"

"नियम. दाखव मला. मला वाचता येतं."

 मी कपाटाकडं बोट केलं. "खालच्या खणात हिरवी फाईल हाय. त्यात एक पिवळा कागद हाय. तो वाच." तिनं काढला, उभ्याउभ्या वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुला सांगणारी गेली," मी म्हणाले. "आता सगळ्यांना बाहेर काढ. तिला एकटीला इचार. मलाबी काढ."

लेक, सुनेची आई, मी, सगळे बाहेर आलो. दार लागलं. मी कान लावला नाही, थेट बाकावर जाऊन बसले. लय वेळ लागला. मग नव्या सिस्टरनं दार उघडलं, आणि तिच्या मागून सुनेचाच आवाज आला, दमलेला पण ठणठणीत.

"आत्या, तुमी या. पण कापूस घेऊन या."

कापूस माझ्या पिशवीत होता. बाकावर बसायचं म्हणून मी तो सकाळीच घरून आणला होता.